मामा, आम्ही समुद्राच्या कडेने जातो



गेले तीन आठवडे आमच्या घरी एकच विषय चालू आहे, म्हणून या वेळचा मजकूरही त्याच विषयावर. माझा भाचा, थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा, वय वर्षे बावीस. डिप्लोमा करून ऐरोलीला एका कंपनीत लागला आहे. आठ महिन्यांपूर्वी त्याने हप्त्याने १२५ सीसीची मोटारसायकल घेतली. एका रविवारी सकाळी तो घरी आला, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाला, "मामा, आम्ही तिघे मित्र गोव्याला जातोय. गाडीने. दोन दिवसांत पोहोचू, तिसऱ्या दिवशी परत निघू. आईला तुम्ही सांगा."

"आईला तुम्ही सांगा" या तीन शब्दांत किती वजन आहे ते आमच्या घराबाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

२००९ च्या मे महिन्यात माझे मेहुणे, आम्ही त्यांना दाजी म्हणायचो, गावाकडचे लग्न उरकून रात्री मोटारसायकलने मुंबईला निघाले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर व्हायचे होते. वडखळच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक ट्रक बंद पडून उभा होता. मागे दिवा नाही, झाडाची फांदी नाही, काही नाही. दाजी जागीच गेले. हेल्मेट होते. उकडते म्हणून काढून आरशाला अडकवले होते. पोरगा तेव्हा सहा वर्षांचा होता.

आता जे सांगतो ते आजवर या जागेवरून कधी सांगितले नाही. दाजींच्या गाडीचा विमा संपून त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. विम्याचे पैसे आणि जुनी पॉलिसी त्यांनी महिनाभर आधी माझ्या हातात दिली होती. मी कारकून, मी बी.कॉम., घरातली सगळी कागदपत्रे माझ्याकडेच येतात. मी ते पाकीट ऑफिसच्या खणात ठेवले. आज भरतो, उद्या भरतो, मार्चअखेरची कामे उरकली की भरतो. मार्च गेला, एप्रिल गेला, पाकीट खणातच राहिले. त्या काळी दुचाकीच्या मालक-चालकाला अपघाती मृत्यूचे एक लाख रुपये मिळायचे. रक्कम मोठी नाही. पण सहा वर्षांच्या पोराला घेऊन बसलेल्या बाईला २००९ साली एक लाख म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. ताईला हे ठाऊक आहे. ती मला कधी एका शब्दाने बोलली नाही. पुढे भाच्याच्या शाळेची, डिप्लोमाची फी मी भरली हे खरे, पण तो हिशेब वेगळा आणि हा वेगळा.

तर असा हा विषय.

पहिल्या दिवशी मी सरळ नाही म्हणालो. पोरगा काही बोलला नाही, कप धुवून ठेवला आणि गेला. रात्री मात्र झोप लागेना. बावीस वर्षांचा कमावता मुलगा, लायसन्स आहे, गाडी स्वतःच्या पैशाची. रोज विक्रोळी ते ऐरोली ट्रक-टँकरच्या गर्दीतून जातो-येतो, तेव्हा आपण काही म्हणत नाही. शिवाय आज नाही म्हटले तर उद्या न सांगता जाईल, आणि न सांगता गेलेला मुलगा घाईने जातो, रात्री जातो. दाजी रात्रीच निघाले होते. तेव्हा ठरवले की नकार द्यायचा नाही, त्याच्याबरोबर बसून बेत आखायचा. कागद माझ्या हातात असले की निदान खणात राहणार नाहीत याची मला आता खात्री आहे.

दुसऱ्या रविवारी त्याला आणि त्याच्या दोन्ही मित्रांना बोलावले. ऑफिसात वापरतो तसली लांब वही काढली. पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला गोवा पाहायचा आहे की समुद्र?" तिघे एकमेकांकडे पाहू लागले. मग भाचा म्हणाला, "समुद्र." म्हटले, मग महामार्ग कशाला? मुंबई-गोवा महामार्गावर कोकणात समुद्र दिसतच नाही. तो आतून, डोंगरातून जातो. वर त्याचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत चालले आहे, कुठे चार पदर, कुठे वळवलेला रस्ता, कुठे खडी. त्यावरून एका दिवसात तीनशे किलोमीटर हाणायचे आणि संध्याकाळी पाठ धरून झोपायचे, यात पाहणे कुठे आले?

समुद्राच्या कडेने जायचे तर वाट वेगळी आहे, आणि ती मुंबईतूनच पाण्यावरून सुरू होते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते, तीत मोटारसायकली चढवता येतात. तासाभरात पलीकडे. पनवेल, पेण, वडखळ सगळे टळते. वडखळचे नाव मी मुलांपुढे उच्चारले नाही, पण भाच्याच्या लक्षात आले असावे, कारण तो पटकन म्हणाला, "हो मामा, बोटीनेच."

मांडव्याहून अलिबाग, पुढे चौल-रेवदंडा, मग मुरूड. मुरूडच्या पुढे आगरदांडा. तिथे राजपुरीची खाडी आडवी येते. कोकण किनारा म्हणजे खाड्यांचा देश, दर चाळीस-पन्नास किलोमीटरवर एखादी नदी समुद्राला मिळते आणि रस्ता संपतो. पूर्वी याच अडचणीमुळे लोक महामार्गाने जात. आता फेरीबोटी झाल्या आहेत, कोकणात त्यांना जंगलजेट्टी म्हणतात. त्यांत माणसे, मोटारसायकली, जीप, टेम्पो सगळे बसते. रत्नागिरीपर्यंत अशा चार लागतात: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर या खाड्यांवर पूल बांधायचे घाटत आहे, त्यामुळे ज्यांना जायचे असेल त्यांनी निघण्याआधी चौकशी करावी. आमच्या बेतात मात्र बोटीच आहेत, आणि मला विचाराल तर त्या असाव्यात. गाडी चालवणाऱ्याला सक्तीची अर्ध्या तासाची विश्रांती मिळते, इंजिन थंड होते, आणि कोळणींच्या पाट्यांशेजारी उभे राहून चार गोष्टी ऐकायला मिळतात.

बोटीच्या बाबतीत एक मात्र वहीत लाल शाईने लिहिले. बोटीच्या फळीवर आणि धक्क्याच्या उतारावर शेवाळ असते, ओहोटीला ते उघडे पडते. तिथे पुढचा ब्रेक दाबला की गाडी गेलीच. मागे बसलेल्याने आधी उतरून चालत जायचे, चालवणाऱ्याने पहिल्या गिअरमध्ये, पाय खाली सोडून, सरळ रेषेत चढायचे. वेगाने नव्हे तर उभ्या गाडीने पडून पाय मोडलेली माणसे मी पाहिली आहेत.

आता दिवस. मुलांच्या बेतात गोवा होता, तो मी रत्नागिरीवर आणला. यावर भांडण झाले. भाचा म्हणाला, "मामा, रत्नागिरीला काय, लोक एका रात्रीत जातात." मी म्हणालो, "जातात. म्हणूनच."

किनाऱ्याच्या रस्त्यावर ताशी तीसच्या वर सरासरी पडत नाही, हे ज्याने तिथली एस.टी. अनुभवली त्याला माहीत आहे. घाटी चढायची, पठारावर यायचे, पुन्हा उतरून गावात, माडाच्या बागांतून एक गाडी जाईल एवढा रस्ता, समोरून एस.टी. आली की आपण गडग्याला चिकटायचे. वळणावर खडी, कुठे चिरेखाणीच्या ट्रकमधून सांडलेली तांबडी माती. तेव्हा दिवसाला सव्वाशे किलोमीटरच्या वर जायचे नाही, आणि सूर्य मावळायच्या आत गाडी मुक्कामी उभी पाहिजे. या एका अटीवर मी तडजोड करणार नाही असे सांगितले. तिघांपैकी कोणी का म्हणून विचारले नाही.

एक गोष्ट मला नकाशा पाहताना सुचली, ती कुणाच्या कामी येईल म्हणून लिहितो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणजे येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे. मन सारखे उजवीकडे ओढते. फोटो काढायला थांबायचे तर रस्ता ओलांडावा लागतो. तेव्हा नियम असा केला की चालत्या गाडीवरून समुद्र मागच्याने बघायचा. चालवणाऱ्याला बघायचा असेल तर डाव्या कडेला गाडी लावून, उतरून, चालत जाऊन बघायचा. भाचा हसला, पण लिहून घेतले.

पहिला दिवस मुंबई ते दिवेआगर, बोट धरून आरामात होतो. आगरदांड्याची फेरी काही कारणाने बंद असली तर खाडीला वळसा घालून म्हसळ्याकडून यावे लागते. लांब पडते, पण त्या वाटेजवळ कुड्याची बौद्ध लेणी आहेत, त्यामुळे चिडण्याचे कारण नाही. दुसरा दिवस श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याची बोट, मग केळशी, आंजर्ले, हर्णै आणि मुक्काम दापोली. वेसवीला उतरले की वेळास गाव जवळ आहे, तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव वाळूवरच होतो, तो बघून वर दापोलीला जायला सतरा-अठरा किलोमीटर उरतात. आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव, मंडणगड तालुक्यातच आहे, पण किनारा सोडून आत. ते दुसऱ्या दिवसात घातले तर अंधार होतो. मनाला लागले, पण काढले. तिथे एस.टी.ने सगळे कुटुंब घेऊन जाऊ, घाईत नको.

इथवर बेत झाला आणि मग तो ताईसमोर ठेवायची वेळ आली.

ताई स्वयंपाकघरात भाकरी करत होती. मी वही घेऊन दारात बसलो. पहिल्यापासून सगळे वाचले. ती ऐकत होती की नाही कळेना, तव्यावरची भाकरी उलटत होती. दापोली आले तेव्हा तिने विचारले, "वणंद तिथून किती लांब?"

वणंद म्हणजे माता रमाईंचे जन्मगाव, दापोलीपासून जवळच. म्हटले, "लांब नाही."

"आणि दाभोळ?"

"तीसेक किलोमीटर. तिथूनच बोट."

रमाईंचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे असे आपण चरित्रांतून वाचतो. ताईने ते लहानपणापासून ऐकलेले. आमची आईसुद्धा भायखळ्याच्या बाजारात डोक्यावर टोपल्या वाहायची. ताई तव्याकडे पाहतच म्हणाली, "७ फेब्रुवारीला जाऊ दे मग. जयंतीला वणंदला पोहोचतील असं बघ."

वाचकहो, परवानगी अशी मिळाली. तिने हो म्हटलेच नाही, तारीख दिली.

त्यामुळे सगळा बेत तारखेवरून मागे मोजत आणला. ५ फेब्रुवारीला मुंबईहून निघायचे, ६ ला दापोली, ७ ला सकाळी वणंद. जयंतीला गर्दी असते म्हणून दापोलीची खोली आत्ताच सांगून ठेवली. हवाही त्या दिवसांत बरी, पाऊस नाही, ऊन सोसवते, नाताळची गर्दी ओसरून खोल्यांचे दर खाली आलेले. ७ ला वणंदहून दाभोळ, बोट, धोपावे आणि गुहागर एवढेच. जेमतेम साठ किलोमीटर, मुद्दाम कमी ठेवले. (त्या किनाऱ्यावरचा तो वीज प्रकल्प, ज्यावरून नव्वदच्या दशकात एवढे रान उठले, त्याचे नाव दाभोळचे पण जागा खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात आहे. मुलांना एन्रॉन हे नावही ऐकून माहीत नव्हते. वय होते ते असे.) ८ ला गुहागर, हेदवी, तवसाळची बोट, जयगड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. आरे-वारेचा तुकडा बघण्यासारखा आहे, डोंगराच्या कुशीतून रस्ता आणि खाली दोन किनारे. ९ ला रत्नागिरी पाहायची. थिबा पॅलेस बघा असे मी बजावून सांगितले. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचे राज्य घेतले आणि त्याला इथे आणून ठेवले. हा वाडा १९१० च्या सुमारास झाला, १९१६ मध्ये राजा इथेच वारला. बौद्ध राजाची कैद आपल्या कोकणात झाली हे आपल्या मुलांना ठाऊक पाहिजे.

परतीचा वाद सर्वांत मोठा झाला. मी म्हटले, रत्नागिरीहून गाड्या रेल्वेत चढवायच्या आणि तुम्हीही रेल्वेने यायचे. भाचा उसळलाच. "मामा, लोक काय म्हणतील? गाडीवर बसून गेले आणि बोचक्यासारखे आले!" मी म्हटले, पाच दिवसांच्या दमलेल्या अंगाने साडेतीनशे किलोमीटर महामार्ग, आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे. याच घाईने या घरात एकदा काय झाले ते तुला माहीत आहे. त्यावर तो गप्प बसला. मला नंतर वाईट वाटले, ते वाक्य मी बोलायला नको होते. वादात मेलेल्या माणसाला साक्षीला बोलावू नये. पण बोलून गेलो.

रेल्वेने गाडी पाठवायची असेल तर पार्सल ऑफिसात आधी जाऊन विचारावे. गाडी त्या स्थानकावर किती वेळ थांबते आणि पार्सलच्या डब्यात जागा आहे का यावर सगळे अवलंबून असते. टाकीतले पेट्रोल पूर्ण काढावे लागते, गाडी गोणपाटात नीट बांधून द्यावी लागते, आर.सी. बुकाची प्रत आणि ओळखपत्र लागते. शेवटच्या दिवशी टाकी भरून ठेवू नका, म्हणजे पेट्रोल बाटल्यांत ओतत बसावे लागणार नाही.

पैशांचा हिशेब असा. घरापासून धक्क्यापर्यंतचे धरून एकूण चारशे किलोमीटर, लिटरला पन्नासचा अॅव्हरेज, म्हणजे गाडीमागे आठ लिटर. लिटरला १०५ रुपये धरून ८४०, दोन गाड्यांचे १,७०० धरू. रो-रो आणि चार बोटी मिळून अडीच हजार. चार मुक्काम, तिघांत एक खोली, दिवसाला दीड हजार, म्हणजे सहा हजार. जेवणखाण माणशी रोज चारशे, पाच दिवसांचे तिघांचे सहा हजार. रेल्वे, गाड्यांसह, चार हजार. आणि पाच हजार रुपये कशालाही हात न लावण्याचे, वेगळ्या पाकिटात, वेगळ्या मुलाच्या खिशात. एकूण २५,२००, माणशी ८,४००. हे कर्ज काढून नाही. तिघांनी तीन महिने बाजूला काढलेले आहेत, मी पासबुके पाहिली. ज्याच्या गाडीचे हप्ते चालू आहेत त्याने सहलीसाठी आणखी एक हप्ता करू नये, एवढे मी माझ्या ऑफिसातल्या पोरांना पाहून शिकलो आहे.

दोन गाड्या का, तर एक बंद पडली तर दुसरी मदत आणायला जाऊ शकते. तिसऱ्या मुलाकडे लायसन्स नाही, तो फक्त मागे बसेल. "रिकाम्या रस्त्यावर थोडी देऊ त्याला" असे एकाने हळूच म्हटले ते मी ऐकले. मी म्हटले, दिलीस तर विमा कंपनी एक पैसा न देता सुटायला बघेल आणि पोलीस तुझ्यावर, गाडीच्या मालकावर, गुन्हा घालतील.

आता विमा. इथे मी जरा जास्त बोलणार, वाचकांनी सांभाळून घ्यावे. आपल्यातले बहुतेक लोक दुचाकीचा फक्त थर्ड पार्टी विमा काढतात, कारण कायद्याला तेवढाच लागतो. त्यात आपल्या गाडीची धडक ज्याला बसली त्याची भरपाई असते. आपल्या गाडीवर मागे बसलेल्याची नसते. तशा पॉलिसीत मागे बसलेला येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले आहे. म्हणजे ज्या बायकोला, बहिणीला, मित्राला आपण मागे बसवतो, त्याच्या नावाने त्या कागदावर काही नाही. थोडे पैसे जास्त भरून पूर्ण विमा घ्यावा आणि मागे बसणारा त्यात आहे की नाही ते वाचून पाहावे. मालक-चालकाचा अपघात विमा आता पंधरा लाखांचा झाला आहे, तो आपल्या पॉलिसीत आहे का तेही बघावे. आणि सर्वांत आधी, तारीख बघावी.

भाच्याच्या पॉलिसीची तारीख बघितली. १८ फेब्रुवारीला संपत होती. तो म्हणाला, "मामा, परत आल्यावर भरू, नऊ दिवस असतील हातात." मी काही बोललो नाही. बहुधा चेहऱ्यावर दिसले असावे. त्याने तिथल्या तिथे मोबाईल काढला, पूर्ण विमा घेतला, मागच्याचा अपघात विमा घातला, पैसे भरले. पाच मिनिटेही लागली नाहीत. मी पावती दोनदा वाचली.

गाडीची तयारी गॅरेजवाल्याशी बसून केली. ऑइल बदलले, ब्रेकचे लायनर पाहिले, मागचा टायर गुळगुळीत झाला होता तो बदलला, चेन ताणून घेतली. खाऱ्या हवेत आणि तांबड्या धुरळ्यात चेन लवकर कोरडी पडते, म्हणून रोज मुक्कामी पुसून तेल द्यायचे. बरोबर क्लच वायर, प्लग, प्लग-पाना, पंक्चरचे सामान. सामान जिच्यावर एकटाच बसणार त्या गाडीला, दोन्ही बाजूंना सारखे वजन, वर प्लॅस्टिक. पेट्रोल अर्ध्यावर आले की भरायचे, किनाऱ्याच्या गावांत पंप दिसेलच असे नाही. आणि वाळूत गाडी न्यायची नाही. चाक रुतते, भरती येते, मग बैल लावून ओढून काढतात आणि गाव हसते.

पोहण्याबद्दल मी मुलांना एकच आठवण सांगितली. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याचे चौदा विद्यार्थी एका दुपारी बुडाले. सहलीला आलेली मुले होती, याच वयाची. गुडघ्यापर्यंत पाणी, त्यापुढे नाही. गावकऱ्यांना विचारल्याशिवाय तेवढेही नाही.

कुठे काही झालेच तर १०८ ला फोन करायचा, रुग्णवाहिका मोफत आहे. अपघातातल्या जखमींना दीड लाखापर्यंत, सात दिवस, रोख पैसे न भरता उपचाराची केंद्र सरकारची योजना २०२५ पासून आहे, हे आपल्या वस्तीत कितीतरी जणांना माहीत नाही, म्हणून इथे छापून ठेवतो. रस्त्यावर दुसरा कोणी पडलेला दिसला तर थांबायचे. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास द्यायचा नाही असे २०१९ पासून मोटार कायद्यातच आहे. दाजींच्या वेळी पहिली तीन-चार वाहने न थांबता गेली होती, असे जो शेवटी थांबला त्याने सांगितले होते.

हे सगळे वहीत लिहून झाले. गेल्या रविवारी मी ती ताईला द्यायला गेलो. भाचाही होता. तिने वही घेतली नाही. स्टूल ओढले, माळ्यावर चढली आणि कापडात बांधलेले एक गाठोडे खाली काढले. सोडले, तर दाजींचे हेल्मेट. काळे, मागे लाल पट्टा. सोळा वर्षे आम्हाला वाटत होते ते अपघातातच गेले.

भाचा घाबरून म्हणाला, "आई, हे मी नाही घालणार हं. फोम कुजलाय. पाच-सहा वर्षांनी हेल्मेट टाकून द्यायचं असतं."

"घालायला नाही काढलं," ताई म्हणाली. "हात लावून बघ. कुठं ओरखडा दिसतो का?"

त्याने हातात घेतले. फिरवून फिरवून पाहिले. कुठेही ओरखडा नव्हता.

मग तिने पदराची गाठ सोडून पंधराशे रुपये काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. मागे बसणाऱ्या मुलासाठी. त्या मुलाचे वडील रंगकाम करतात, त्याने दुसऱ्याचे जुने हेल्मेट मागून आणले होते, ते तिने दारात पाहिले होते. "आय.एस.आय.चा शिक्का बघून घे," तिने सांगितले, "आणि पट्टा लावून घालायला सांग त्याला. नुसतं डोक्यावर ठेवायला नाही." कायद्यानेही मागच्याला हेल्मेट सक्तीचे आहे, दंडही आहे, हे मी सांगणार होतो, पण गरज उरली नव्हती.

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. म्हणाली, "अरे, दाभोळला बोटीत चालत माणसं चढतात ना?"

"चढतात की."

"मग आपण दोघं एस.टी.ने जाऊ दापोलीला. सहा तारखेच्या रात्री. सकाळी वणंद करू, पोरांबरोबर दाभोळपर्यंत येऊ, बोटीत बसून पलीकडं जाऊ आणि त्याच बोटीनं परत. पोरं पुढं जातील."

मी लगेच हो म्हटले. काल संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर आगारात जाऊन रिझर्व्हेशन करून आलो. दापोली, रात्रीची गाडी, दोन तिकिटे, खिडकी ताईला. तिचे अर्धे तिकीट, माझे पूर्ण.